गोविंद बल्लाळ देवल : इटलीची कथा आणि कृष्णाकाठची रंगभूमी

१. प्रस्तावना



परकीय भाषेतील वाङ्मयाचा अभ्यास म्हटला की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. आधी ती भाषा शिकायची, मग तिचे व्याकरण, मग तिचे साहित्य आणि शेवटी त्या देशाची संस्कृती. इटालियनसारख्या भाषेचा विद्यापीठीय अभ्यास आज याच क्रमाने होतो आणि तो क्रम योग्यच आहे. परंतु वाङ्मयाचा इतिहास पाहिला तर एका देशाच्या कथा दुसऱ्या देशात नेहमी याच वाटेने गेलेल्या दिसत नाहीत. त्या अनेकदा तिसऱ्या भाषेतून, अनुवादातून आणि रंगभूमीवरून प्रवास करतात. ज्या वाचकाला मूळ भाषा येत नाही, त्याच्यापर्यंतही त्या पोहोचतात. मात्र अशा वाचकाने त्यांचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी सात नाटके लिहिली. त्यांपैकी दोन नाटकांच्या मुळाशी गेलो तर वाट इंग्लंड आणि फ्रान्समधून थेट इटलीत पोहोचते. देवलांनी इटालियन भाषेतून काहीही अनुवादिले नाही. तरीही व्हेनिसच्या पार्श्वभूमीवरील एक शोककथा आणि इटालियन नटांच्या संगतीत वाढलेले एक प्रहसन त्यांच्यामुळे मराठी प्रेक्षकांचे झाले. हे कसे घडले, ते आपण देवलांच्या जीवनक्रमाच्या आधारे पाहू.

२. हरिपूर आणि सांगली : जडणघडण

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी हरिपूर येथे झाला. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव सांगलीला लागूनच आहे. त्या काळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. येथे भूगोलाची एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड असे टप्पे घेत सांगलीला येते. या पाठात येणारी बरीचशी माणसे याच नदीच्या काठची आहेत.

देवलांच्या जन्मापूर्वी बारा वर्षे, १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हा नाट्यप्रयोग सादर केला. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण याच प्रयोगापासून मानतो आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमिदिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या नाटकांत पद्ये सूत्रधार म्हणत असे. पात्रांची गद्य भाषणे मात्र लिहून दिलेली नसत. कथाभाग ठाऊक असलेला नट प्रसंग ओळखून स्वतःच बोलत असे. हा तपशील ध्यानात ठेवा. पुढे इटलीच्या संदर्भात तो उपयोगी पडणार आहे.

देवलांचे पुढील शिक्षण बेळगावला झाले आणि तेथे त्यांनी शिक्षक म्हणून कामही केले. तेथेच त्यांना बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा सहवास लाभला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पुण्यात प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. देवल या मंडळीत आले, नाटककार झाले आणि त्याहूनही मोठा लौकिक त्यांनी नाट्यशिक्षक म्हणून मिळविला. त्यांचे वाङ्मयीन शिक्षण महाविद्यालयाच्या वर्गापेक्षा तालमीच्या जागेत अधिक झाले, असे म्हणणे योग्य ठरेल.

३. इंग्रजीचा दरवाजा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, तेव्हा देवल दोन वर्षांचे होते. त्यांच्या पिढीतील शिकलेल्या तरुणाला युरोपचे वाङ्मय भेटले ते इंग्रजीतून. ग्रीक असो, फ्रेंच असो की इटालियन असो, सारे याच दरवाजातून आत आले. शेक्सपिअरला त्यात मानाचे स्थान होते.

शेक्सपिअरच्या मराठी अवतारांत सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले; ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. ते रंगभूमीवर गाजविले शाहूनगरवासी नाटक मंडळीने. शाहूनगर म्हणजेच सातारा. कंपनीच्या नावातच तिचे गाव आहे. या मंडळीचे प्रमुख नट गणपतराव जोशी यांची हॅम्लेटची भूमिका अवघ्या महाराष्ट्रात नावाजली गेली, आणि गणपतरावांना तालीम देणारे होते देवल.

देवलांच्या शिकवण्याचे वैशिष्ट्य असे की नटाने वाक्य ओरडून किंवा ठेक्यात म्हणू नये, ते अर्थ समजून, माणूस बोलतो तसे बोलावे, असा त्यांचा आग्रह असे. परदेशी नाटकाच्या बाबतीत या आग्रहाला विशेष महत्त्व होते. पुस्तकातले परके वाक्य नटाच्या तोंडात आपले होते की नाही, याची परीक्षा तालमीतच होत असे. अनुवाद कागदावर कितीही अचूक असला तरी साताऱ्याच्या नटाला तो बोलता आला नाही, तर प्रेक्षकाला तो ऐकूही येत नाही.

४. फेराराहून साताऱ्यापर्यंत : 'झुंझारराव'

आता आपण पहिल्या उदाहरणाकडे वळू. देवलांचे 'झुंझारराव' हे नाटक १८९० सालचे. ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर आहे. परंतु 'ऑथेल्लो'ची कथाही शेक्सपिअरची स्वतःची नव्हे.

सोळाव्या शतकात उत्तर इटलीतील फेरारा येथे ज्योव्हान्नी बात्तिस्ता जिराल्दी नावाचा पंडित होऊन गेला. चिंत्सिओ या नावाने तो ओळखला जातो. तो फेराराच्या विद्यापीठात अध्यापक होता. त्याचा 'एकातोम्मिती' हा कथासंग्रह १५६५ साली प्रसिद्ध झाला. या नावाचा अर्थ शंभर कथा असा आहे. काही माणसे एकत्र येतात आणि एकामागून एक कथा सांगतात, अशी त्याची रचना. चौदाव्या शतकात बोक्काच्चोने 'देकामेरोन'मध्ये हीच पद्धत वापरली होती. आपल्याला 'वेताळपंचविशी' किंवा 'कथासरित्सागर' ठाऊक असल्याने कथेच्या पोटात कथा ही रचना अपरिचित वाटणार नाही.

या संग्रहातील एका कथेत व्हेनिसच्या सेवेतील एक मूर सेनानी आहे. कथेत त्याला नावच नाही. त्याच्या पत्नीचे नाव मात्र आहे, दिस्देमोना. त्याच्या हाताखालचा निशाणदार तिच्यावर लुब्ध होतो. ती दाद देत नाही, तेव्हा तो सूड म्हणून मूरच्या मनात संशय पेरतो. दिस्देमोना त्याच्या लहान मुलीला खेळवीत असता तो तिचा हातरुमाल चोरतो. शेवटी मूर आणि निशाणदार दोघे मिळून तिचा खून करतात आणि छप्पर पडून ती मेली असे भासवितात. आईबापांच्या इच्छेविरुद्ध परक्याशी विवाह करणाऱ्या मुलींनी आपल्यापासून धडा घ्यावा, असा विचार या कथेत खुद्द दिस्देमोनाच्याच तोंडी घातलेला आहे.

शेक्सपिअरने ही कथा घेतली आणि तिचा कणाच बदलला. 'ऑथेल्लो'चा राजदरबारी प्रयोग १६०४ साली झाल्याची नोंद आहे. निनावी मूरला त्याने नाव दिले आणि थोर, परंतु सहज फसणारे मन दिले. भ्याड खुनाच्या जागी त्याने स्वतःच्या हाताने सर्वस्व उद्ध्वस्त करणाऱ्या माणसाची शोकांतिका उभी केली. त्याच्या काळी या कथेचा इंग्रजी अनुवाद झालेला आढळत नाही. फ्रेंच अनुवाद उपलब्ध होता. त्याने ती इटालियनमधून वाचली की फ्रेंचमधून, यावर विद्वानांत एकमत नाही. म्हणजे दस्तुरखुद्द शेक्सपिअरही कदाचित मधल्या भाषेच्या आधाराने इटलीपर्यंत पोहोचला असेल.

मराठीत १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी 'ऑथेल्लो'चा अनुवाद केला. देवलांनी या अनुवादाचा आधार घेतला, पण नाटक मराठी सरदारी वातावरणात आणले. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली. शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव जोशी झुंझाररावाची आणि बळवंतराव जोग कमळजेची भूमिका करीत. स्त्रीच्या भूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ होता. शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्येही हीच रीत होती.

आता सारी वाट एकत्र पाहा. फेराराच्या अध्यापकाची कथा, लंडनच्या नाटककाराची शोकांतिका, महादेवशास्त्र्यांचा अनुवाद, हरिपूरच्या नाटककाराचे रूपांतर आणि साताऱ्याच्या कंपनीचा प्रयोग, असे हे पाच टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर काही गळाले आणि काही नव्याने आले. कथेचा गाभा मात्र सर्वत्र टिकला : निरपराध पत्नी, तिच्यावरील खोटा आळ आणि पुराव्याची शहानिशा न करता तो खरा मानणारा पती.

५. तसबिरीचा घोटाळा : 'संशयकल्लोळ'

दुसरे उदाहरण याच विषयाचे, पण हसविणारे आहे. १६५८ साली मोलिएर आपली नाटक मंडळी घेऊन पॅरिसला आला. तेथील पती-बूर्बों या नाट्यगृहात आधीपासून एक इटालियन मंडळी प्रयोग करीत होती. तिचा प्रमुख टिबेरिओ फिओरिली हा नामांकित नट होता. दोन्ही मंडळ्यांनी तेच नाट्यगृह वार वाटून घेऊन वापरले. या इटालियन नटांच्या नाट्यप्रकाराला कोमेदिया देल्लार्ते म्हणतात. त्यात कथेचा आराखडा ठरलेला असे, पात्रे ठरावीक असत, अनेक पात्रे मुखवटे घालीत आणि संवाद नट आयत्या वेळी रचीत. मोलिएरच्या विनोदी नाटकांवर या प्रकाराचा ठसा आहे.

याच नाट्यगृहात १६६० साली मोलिएरचे 'स्गानारेल' हे छोटे प्रहसन झाले. एक तरुणी मूर्च्छित होते, तिच्या हातातील प्रियकराची तसबीर खाली पडते. ती तसबीर दुसऱ्याच एका विवाहित स्त्रीला सापडते आणि तिचा पती तिच्यावर संशय घेतो. त्या पतीने मूर्च्छित तरुणीला सावरलेले असते, म्हणून पत्नीही त्याच्यावर संशय घेते. १७६१ साली आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराने या कल्पनेवर 'ऑल इन द राँग' हे मोठे नाटक रचले. देवलांनी मर्फीचे नाटक घेतले आणि आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. पुढे त्यात पदे घालून त्यांनी त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' केले.

या रूपांतरात परकेपणाचा लवलेश उरला नाही. पुरुषपात्रांना देवलांनी महिन्यांवरून नावे दिली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. स्त्रीपात्रांना नक्षत्रांवरून दिली : कृत्तिका, रेवती, रोहिणी. एकट्या नामकरणानेच सारे जग मराठी पंचांगात येऊन बसते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या भांडणात प्रेक्षकाला शेजारचे घर दिसते. पॅरिस किंवा लंडन आठवतही नाही.

१९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव संस्मरणीय ठरला. त्याच वर्षी १४ जून रोजी देवल निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आजही या नाटकाचे प्रयोग होतात.

६. साम्य आणि प्रभाव : 'शारदा'च्या निमित्ताने

येथे तुम्हांला एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. दोन वाङ्मयकृतींत साम्य दिसले म्हणजे एकीचा दुसरीवर प्रभाव पडला, असे होत नाही. प्रभाव सिद्ध करायचा तर कथा कोणत्या वाटेने आली, हे दाखवावे लागते. 'झुंझारराव' आणि 'संशयकल्लोळ' यांच्या बाबतीत ती वाट आपण दाखवू शकलो. सर्वत्र ती दाखविता येत नाही.

विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत नट आयत्या वेळी बोलत. इटालियन कोमेदियातही तेच घडे. परंतु सांगलीने ही रीत इटलीकडून घेतली, असे म्हणण्यास आधार नाही. भाव्यांच्या डोळ्यांपुढे भागवत मंडळींचे यक्षगान पद्धतीचे खेळ होते. लिखित संहितेवाचून नाटक करणाऱ्या दोन समाजांना एकच युक्ती सुचली, एवढेच त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण 'शारदा'चे. १८९९ साली रंगभूमीवर आलेले हे देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि कोदंड त्याविरुद्ध उभा राहतो. इटालियन कोमेदियात पांतालोने नावाचे ठरलेले पात्र असते. तो व्हेनिसचा धनाढ्य, कंजूष म्हातारा व्यापारी असून तरुण मुलींच्या मागे लागलेला असतो. भुजंगनाथ आणि पांतालोने शेजारी उभे केले तर ते सख्खे भाऊ वाटतील. पण भुजंगनाथाला देवलांनी इटलीतून आणलेले नाही. तो त्यांच्या भोवतीच होता. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते आणि जरठ-बाला विवाह डोळ्यांदेखत होत होते. पांतालोनेच्या फजितीला प्रेक्षक हसतो, कारण मुलगी बहुधा सुटणारच असते. भुजंगनाथाला हसताना मराठी प्रेक्षकाच्या मनात धास्ती असे, कारण खऱ्या आयुष्यातल्या अनेक शारदा सुटत नव्हत्या.

१९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात, त्यामुळे तो या नाटकावरून ओळखला जातो असा समज आढळतो. वस्तुतः ते नाव अजमेरचे हरविलास सारडा यांच्यावरून पडले आहे. हेही साम्य आणि संबंध यांतील फरकाचेच उदाहरण होय.

७. देवलांची निवड

देवलांच्या सात नाटकांपैकी 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय' आणि 'शापसंभ्रम' ही तीन संस्कृत कृतींवर आधारलेली आहेत. १८८६ सालचे 'दुर्गा' हे 'इझाबेला' या इंग्रजी नाटकावरून घेतलेले आहे. या नाटकातील स्त्री पती मेला असे समजून, परिस्थितीने गांजून दुसरा विवाह करते आणि पहिला पती परत येतो. अशा रीतीने सातांपैकी सहा नाटकांचे बीज दुसऱ्याचे आहे. त्यामुळे देवलांना स्वतंत्र प्रतिभेचा नाटककार म्हणावे काय, असा प्रश्न विचारला जातो आणि परीक्षेतही तो येतो.

उत्तर देताना त्यांच्या निवडीकडे पाहावे. इंग्रजी वाङ्मयाच्या मोठ्या भांडारातून त्यांनी जी तीन नाटके उचलली, त्या तिन्हींत विवाहित स्त्रीची अब्रू, तिच्यावरील संशय आणि तिला न मिळणारा न्याय हाच विषय आहे. एकदा तो रडवितो, एकदा भयभीत करतो आणि एकदा हसवितो. स्वतंत्र नाटक लिहिण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी विवाहाच्या बाजारात उभी केलेली मुलगीच निवडली. व्हेनिसच्या दिस्देमोनाची कथा त्यांच्या हाती अनेक हातांतून आली, पण तिच्यातील प्रश्न त्यांना दुरून कळलेला नव्हता. तो हरिपूर, सांगली, सातारा येथील घराघरांत होता. ही ओळख पटणे हेच त्यांच्या प्रतिभेचे काम होते.

८. समारोप

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना इटालियन येत नसेल. नोकरी, शेती, संसार सांभाळून पदवी घेताना नवी भाषा शिकणे सोपे नाही. तरीही परकीय वाङ्मयाचा अभ्यास तुम्हांला बंद नाही. त्यासाठी प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारावेत : ती मुळात कोठली, कोणत्या भाषांच्या वाटेने आपल्यापर्यंत आली आणि वाटेत तिच्यात काय बदलले? मूळ भाषा शिकण्याची संधी मिळाली तर ती जरूर घ्यावी, कारण मधल्या टप्प्यांत काय हरवले ते मूळ वाचल्याशिवाय पुरते कळत नाही. संधी मिळेपर्यंत आपण कोणत्या टप्प्यावर उभे आहोत, याचे भान ठेवावे. अनुवादाला मूळ समजू नये आणि अनुवाद आहे म्हणून त्याला कमीही लेखू नये. देवलांच्या नाटकांचा अभ्यास या दोन्ही चुकांपासून आपल्याला दूर ठेवतो.

स्वाध्याय

१. 'झुंझारराव' या नाटकाच्या कथेचा इटलीपासून साताऱ्यापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने सांगा.
२. वाङ्मयीन साम्य आणि वाङ्मयीन प्रभाव यांतील फरक 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. 'झुंझारराव'ची संहिता मिळवून वाचा. मूळ कथेतील मूरच्या परकेपणाचे देवलांनी काय केले आहे, ते स्वतःच्या शब्दांत मांडा.
४. तुमच्या गावात प्रयोग झालेल्या एखाद्या रूपांतरित नाटकाची निवड करा आणि या पाठातील तीन प्रश्न त्याला लावून पाहा.